तांत्रिक मानकांच्या ई-प्रती : मिळवाव्यात कशा आणि कारखान्यात वाटाव्यात कशा

भोसरी, चाकण, सातपूर किंवा वाळूजच्या एखाद्या मध्यम आकाराच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात नव्याने रुजू झालेल्या माणसाकडे लवकरच एक काम येते : आपल्याला लागणारी सगळी स्टँडर्ड्स डाउनलोड करा आणि सगळ्यांना पाठवून द्या. सांगणाऱ्याला ते अर्ध्या दिवसाचे काम वाटते. करणाऱ्याच्या मात्र लवकरच लक्षात येते की कोणती आवृत्ती, कोणत्या दुरुस्तीपर्यंतची, कोणाच्या परवान्यावर आणि कोणाकोणाला, हे चार प्रश्न सोडवल्याशिवाय एकही फाइल पुढे सरकू नये. पोलादी सुटे भाग आणि फॅब्रिकेशनच्या क्षेत्रात हे काम मी बराच काळ सांभाळले आहे. पहिल्या वर्षी जे कोणी समजावून सांगितले असते तर बरे झाले असते, ते इथे क्रमाने मांडतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्यावर उभ्या आहेत. फाइल पाठवली म्हणजे मानकाचे वितरण झाले, असे होत नाही. खरेदी, डिझाइन, इनकमिंग इन्स्पेक्शन आणि पुरवठादार या चौघांसमोर एकाच आवृत्तीचा, सर्व दुरुस्त्यांसह असलेला आणि रीतसर मिळवलेला मजकूर असेल आणि जुना मजकूर कोणाच्याही हाताशी उरला नसेल, तेव्हाच वितरण झाले असे म्हणता येईल.

कामाला बसण्यापूर्वी पुढील गोष्टी जवळ ठेवा :

- चालू खरेदी ऑर्डरी, ग्राहकांची ड्रॉइंग्ज आणि त्यांच्यावरच्या टिपा
- कारखान्याकडे आयएसआय चिन्हाचा परवाना असल्यास त्याची प्रत
- तुमच्या उत्पादनाला लागू असलेल्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाची, म्हणजे मानक पाळणे बंधनकारक करणाऱ्या सरकारी क्यूसीओची, राजपत्रातील प्रत
- कोणा एका व्यक्तीच्या नावाचा नव्हे, तर विभागाच्या नावाचा ई-मेल पत्ता आणि कंपनीचा मोबाइल क्रमांक
- सर्व्हरवर अशी एक जागा, जिथे लिहिण्याचा अधिकार फक्त तुम्हाला आणि वाचण्याचा अधिकार इतरांना असेल
- पीडीएफमध्ये शोध घेता येणारे आणि स्कॅन केलेल्या पानांवरील अक्षरे ओळखणारे सॉफ्टवेअर
- एक नोंदवही. साधी स्प्रेडशीट पुरेशी आहे

१. आधी यादी, मग डाउनलोड

बहुतेक जण संकेतस्थळ उघडून सुरुवात करतात आणि कधीच न लागणाऱ्या शेकडो फाइल जमवतात. त्याऐवजी आधी कागद वाचा. खरेदी ऑर्डरवर, ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या चौकटीत, चाचणी अहवालांवर आणि ग्राहकाच्या गुणवत्ता करारात जिथे जिथे मानकाचा क्रमांक आला असेल, तो जसा लिहिला आहे तसाच उतरवून घ्या. वर्ष लिहिले असेल तर वर्षासह, आणि नसेल तर 'वर्ष नाही' अशी नोंद करून.

हा भेद पुढे फार महत्त्वाचा ठरतो. ड्रॉइंगवर 'आयएस २०६२ : २०११' (हे बांधकामी पोलादाचे भारतीय मानक) असे लिहिले असेल, तर ग्राहकाने ती विशिष्ट आवृत्ती मागितली आहे. नुसते 'आयएस २०६२' लिहिले असेल, तर सर्वसाधारण प्रथेनुसार चालू आवृत्ती धरली जाते, पण ते ग्राहकाकडून लेखी विचारून घेतलेले बरे. उत्पादन क्यूसीओखाली येत असेल, तर आदेशासोबतच्या तक्त्याखालची टीप वाचा. मानकाची अद्ययावत आवृत्ती आणि भारतीय मानक ब्यूरोने वेळोवेळी अधिसूचित केलेल्या दुरुस्त्या, अधिसूचनेत दिलेल्या तारखेपासून लागू राहतील, अशा अर्थाची ती टीप बहुधा असते. तिथे आवृत्ती निवडण्याचा प्रश्नच उरत नाही.

एका मानकाच्या पोटात दुसरी मानके असतात, हेही यादी करताना लक्षात ठेवा. उत्पादनाच्या मानकात सुरुवातीलाच संदर्भ-मानकांची यादी असते : ताण चाचणीचे वेगळे, रासायनिक विश्लेषणाचे वेगळे, नमुने घेण्याच्या पद्धतीचे वेगळे. मुख्य मानक आहे पण चाचणीपद्धतीचे मानक नाही, ही ऑडिटमध्ये वारंवार निघणारी त्रुटी आहे.

२. नावनोंदणी विभागाच्या नावाने करा

भारतीय मानके भारतीय मानक ब्यूरो प्रसिद्ध करते. १९४७ साली भारतीय मानक संस्था म्हणून सुरू झालेले हे काम १ एप्रिल १९८७ पासून ब्यूरोकडे आले, आणि आज ते २०१६ च्या भारतीय मानक ब्यूरो अधिनियमाखाली चालते. ब्यूरोने स्वतः तयार केलेली मानके आता त्यांच्या संकेतस्थळावरून, नावनोंदणी केल्यावर, मोफत उतरवून घेता येतात. आयएसओ किंवा आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थांची मानके जशीच्या तशी स्वीकारून भारतीय क्रमांक दिलेली असतील, तर त्यांना पैसे पडतात.

मोफत उतरवलेल्या फाइलच्या पानावर ती उतरवून घेणाऱ्याचे नाव, गाव, ई-मेल आणि आयपी पत्ता छापलेला येतो. म्हणूनच नावनोंदणी कोणाच्या नावाने होते, याला महत्त्व आहे. उत्साही नवा अभियंता स्वतःच्या खासगी ई-मेलवरून सगळी मानके उतरवतो आणि दोन वर्षांनी नोकरी सोडतो. त्यानंतर कारखान्यातल्या प्रत्येक प्रतीवर गेलेल्या माणसाचे नाव आणि पत्ता राहतो, खात्याचा पासवर्ड कोणालाच माहीत नसतो आणि तीच फाइल व्हॉट्सअ‍ॅपवरून बाहेर गेली तर बोट त्याच्याकडे दाखवले जाते. गुणवत्ता विभागाच्या सामाईक ई-मेलने केलेली नोंदणी या तिन्ही अडचणी टाळते. फाइल उतरवताना पानावर आणि संकेतस्थळावर वापराच्या ज्या अटी दिल्या असतील, त्या वाचून नोंदवहीत लिहून ठेवा.

३. फाइल उघडल्यावर आधी पहिले आणि शेवटचे पान वाचा

तक्त्यांकडे धाव घेण्याआधी मुखपृष्ठ नीट पाहा. क्रमांक आणि वर्ष, त्याखाली शीर्षक, मग कितवी सुधारित आवृत्ती ते, आणि कधी कधी 'रीअफर्म्ड' हा शब्द व एक वर्ष. या शेवटच्या वर्षामुळे नव्या माणसाचा नेहमी गोंधळ होतो. ब्यूरो साधारण दर पाच वर्षांनी प्रत्येक मानकाचा आढावा घेते, आणि बदलाची गरज नसेल तर ते पुन्हा कायम करते. त्यामुळे काँक्रीटच्या आयएस ४५६ या मानकाच्या मुखपृष्ठावर २००० आणि २०२१ अशी दोन वर्षे दिसली, तर आवृत्ती २००० चीच असते. २०२१ हे केवळ ती कायम केल्याचे वर्ष असते. खरेदी ऑर्डरवर चुकून 'आयएस ४५६ : २०२१' असे लिहिले गेले, तर तुम्ही अस्तित्वात नसलेल्या मानकाची मागणी केलेली असते.

शेवटचे पान त्याहून उपयोगी. तिथे कॉपीराइटची टीप असते, कोणत्या समितीच्या कोणत्या कागदावरून मानक तयार झाले ते असते, आणि 'प्रसिद्धीनंतर निघालेल्या दुरुस्त्या' अशा शीर्षकाचा एक लहान तक्ता असतो. त्या तक्त्यात दुरुस्तीचा क्रमांक, तारीख आणि बदललेला मजकूर असे रकाने असतात. छापताना तो बहुधा कोराच असतो. कोरा तक्ता पाहून दुरुस्त्या नाहीत असा निष्कर्ष काढू नका. पुढच्या पायरीत सांगितल्याप्रमाणे संकेतस्थळावर जाऊन पाहा.

४. दुरुस्तीपत्रकांशिवाय मानक अर्धे असते

या पायरीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवायला सांगेन. मानकात लहान बदल करायचा असेल, तर ब्यूरो पूर्ण मानक नव्याने छापत नाही, तर 'अमेंडमेंट क्रमांक १', 'क्रमांक २' अशी पत्रके काढते. इलेक्ट्रॉनिक फाइलमध्ये ही पत्रके कधी मूळ मजकुराला मागे जोडलेली मिळतात, तर कधी वेगळ्या फाइलमध्ये असतात. ज्याने फक्त मुख्य फाइल उतरवली, त्याच्याकडे दिसायला संपूर्ण पण प्रत्यक्षात जुने झालेले मानक असते.

आयएस १७८६ : २००८ हे काँक्रीटमधल्या सळईचे मानक घ्या. बाजारात ज्याला 'पाचशे एस' म्हणतात, तो 'एफई ५०० एस' हा प्रकार २००८ च्या मूळ मजकुरात नाही. तो नंतरच्या दुरुस्तीने आला. बांधकाम साइटवर दुरुस्तीशिवायची फाइल वाटली असेल, तर तिथला इंजिनिअर मालाच्या टीसीवर, म्हणजे चाचणी प्रमाणपत्रावर, 'एस' पाहून तक्त्यात शोधत बसतो, त्याला ते सापडत नाही, आणि चांगला माल बाजूला ठेवला जातो किंवा, त्याहून वाईट म्हणजे, कशाशी पडताळायचे हे न कळल्यामुळे न तपासताच स्वीकारला जातो.

दुरुस्तीपत्रकाची भाषा ठरावीक असते : पान अमुक, कलम किंवा तक्ता अमुक, 'सध्याच्या मजकुराऐवजी पुढील मजकूर घ्यावा', किंवा 'शेवटी पुढील टीप जोडावी'. हे पत्रक फाइलच्या शेवटी नुसते जोडून ठेवले, तर वाचणारा तिथवर पोहोचत नाही. म्हणून मी मूळ पीडीएफमध्ये बदललेल्या प्रत्येक जागी टिप्पणी टाकतो : 'दुरुस्ती २ पाहा, तक्ता बदलला.' मूळ आकडा खोडत नाही आणि नवा आकडा त्यावर टंकतही नाही. काही ठिकाणी उत्साहाने सर्व दुरुस्त्या घालून मानक नव्याने टाइप करण्याची पद्धत दिसते. ती पूर्णपणे टाळा. टाइप करताना चुका होतात हे एक कारण. भारतीय मानक आहे असा समज निर्माण करणारा कागद परवानगीशिवाय काढण्यास अधिनियमाच्या कलम ११ ची मनाई आहे, हे दुसरे आणि अधिक गंभीर कारण.

इथेच जुन्या स्कॅन केलेल्या फाइलबद्दल सावध करतो. अनेक जुन्या मानकांची पाने म्हणजे केवळ छायाचित्रे आहेत, त्यामुळे शोधपेटीत शब्द टाकला तर काहीच सापडत नाही. अक्षर ओळखणारे सॉफ्टवेअर चालवून शोध सुरू करता येतो, आणि तो उपयोगीही पडतो. पण त्या सॉफ्टवेअरने ओळखलेला आकडा थेट तपासणीच्या तक्त्यात चिकटवू नका. आयएस २०६२ : २०११ मध्ये ई २५० ए या प्रकारासाठी गंधकाची कमाल मर्यादा ०.०४५ टक्के आहे. पुसट स्कॅनमध्ये दशांशचिन्ह हरवते, शून्य गळते, किंवा तक्त्याखालची तारांकित टीप भलत्याच रकान्यात जाऊन बसते. शोध सॉफ्टवेअरने घ्या, आकडा मात्र डोळ्यांनी मूळ पानावरून वाचा.

५. काय वाटता येते आणि काय नाही

मोफत मिळाले म्हणजे वाटेल तसे वाटता येते, ही समजूत सर्वत्र आढळते आणि ती चुकीची आहे. भारतीय मानकांचा कॉपीराइट ब्यूरोकडे असतो. कलम ११ नुसार ब्यूरोच्या अनुमतीशिवाय मानक किंवा त्याचा भाग कोणत्याही स्वरूपात प्रसिद्ध करता येत नाही आणि त्याची प्रत काढता येत नाही. वैयक्तिक वापरासाठी प्रत काढण्याची मुभा मात्र कायद्याने दिली आहे. पुरवठादाराला मानक हवे असेल, तर त्याला फाइल पाठवण्याऐवजी क्रमांक, वर्ष आणि शेवटच्या दुरुस्तीचा क्रमांक कळवा आणि ते त्याच्या स्वतःच्या नोंदणीने उतरवून घ्यायला सांगा. त्याला त्यासाठी पैसे पडत नाहीत आणि तुमच्या नावाची प्रत बाहेर फिरत नाही.

शेवटच्या पानावरच्या कॉपीराइट टिपेत एक सवलत आहे, ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. मानकाची अंमलबजावणी करताना लागणारे आवश्यक तपशील, म्हणजे चिन्हे, मापे, प्रकार आणि ग्रेडची नावे, मोकळेपणाने वापरता येतात. त्यामुळे तपासणी आराखड्यात 'ई २५० बीआर' लिहिणे, मालाची मापे नोंदवणे आणि शेजारी कलमाचा संदर्भ देणे यात काही अडचण नाही. तक्त्याचे संपूर्ण पान कापून आराखड्यात चिकटवणे ही वेगळी गोष्ट आहे.

सशुल्क मानकांच्या बाबतीत नियम आणखी कडक असतात. आयएसओची पीडीएफ एका वापरकर्त्याच्या परवान्यावर विकत घेतली, तर पानावर परवानाधारकाचे नाव येते, आणि प्रती काढण्यास व ती नेटवर्कवर ठेवण्यास स्पष्ट मनाई असते. अशी फाइल सर्व्हरच्या सामाईक फोल्डरमध्ये टाकणे हा परवान्याचा भंग आहे, मग ती तुमच्याच कंपनीत राहिली तरीही. अनेकांना लागणार असेल, तर खरेदीपूर्वीच नेटवर्क किंवा बहुवापरकर्ता परवान्याची किंमत विचारा. काही प्रकाशकांच्या फाइल कुलूपबंद असतात आणि एकाच संगणकावर, खास प्लगइन बसवल्यावरच उघडतात. लॅपटॉप बदलला की त्या उघडत नाहीत. हेही पैसे भरण्याआधी विचारून घ्यावे.

पैसे वाचवण्याचा एक सरळ मार्ग इथे सांगतो. आयएसओ आपली मानके स्विस फ्रँकमध्ये विकते. तेच मानक ब्यूरोने जसेच्या तसे स्वीकारलेले असेल, उदाहरणार्थ गुणवत्ता व्यवस्थापनाचे आयएस/आयएसओ ९००१ : २०१५, तर ते रुपयांत आणि बऱ्याच कमी किमतीत मिळते. फक्त दोन गोष्टी पडताळा : भारतीय स्वीकृती आयएसओच्या चालू आवृत्तीचीच आहे ना, आणि ग्राहकाला भारतीय क्रमांक चालतो ना. आयएसओ नवी आवृत्ती काढते आणि भारतीय स्वीकृतीला काही काळ लागतो, तेव्हा मधल्या काळात दोन्हींत फरक राहू शकतो. खरेदीपूर्वी फक्त व्याप्ती आणि व्याख्या पाहायच्या असतील, तर आयएसओच्या संकेतस्थळावरील ऑनलाइन वाचनसुविधेत तेवढा भाग विनामूल्य दिसतो.

वाहन उद्योगातल्या वाचकांसाठी आनंदाची गोष्ट अशी की एआयएस ही वाहनांची मानके पुण्याची एआरएआय ही वाहन संशोधन संस्था प्रसिद्ध करते आणि ती तिच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. दूरसंचाराची आयटीयू-टी आणि थ्रीजीपीपीची मानके, तसेच इंटरनेटची आरएफसी मालिकाही मोफत आहेत. आरएफसी तर १९६९ पासून चालत आली आहे, आणि तिथे एकदा निघालेला क्रमांक पुन्हा बदलत नाही. बदल करायचा तर नवा क्रमांक निघतो. आपल्या क्षेत्रातली दुरुस्तीपत्रकांची गुंतागुंत पाहिली की त्या पद्धतीचे मोल कळते.

काही जण विचारतील की इंटरनेट आर्काइव्हसारख्या ठिकाणी भारतीय मानकांचे स्कॅन सर्रास मिळतात, ते का घेऊ नयेत? कार्ल मालामूड यांच्या पब्लिक रिसोर्स या अमेरिकी संस्थेने ती मानके तिथे ठेवली, आणि ती जनतेला मोफत मिळावीत म्हणून दिल्ली उच्च न्यायालयात याचिकाही झाली. याच संस्थेच्या प्रकरणात युरोपीय न्यायालयाने ५ मार्च २०२४ रोजी निकाल दिला की कायद्याच्या अंमलबजावणीत स्थान असलेली सुसंगत मानके नागरिकांना पाहता येण्यात सार्वजनिक हित आहे. मला त्या लढ्याबद्दल मनापासून आदर आहे. जे पाळणे कायद्याने बंधनकारक केले, ते गरीब कारागिरालाही वाचता आले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. तरीही उत्पादनासाठी ते स्कॅन वापरू नका. ते ज्या दिवशी स्कॅन झाले, त्या दिवशीचे आहेत, आणि नंतरच्या दुरुस्त्या त्यांत येत नाहीत. आता ब्यूरो स्वतःच मोफत देत असताना त्याची गरजही उरलेली नाही.

६. नाव, जागा आणि अधिकार

फाइलच्या नावात क्रमांक, वर्ष आणि दुरुस्तीचा क्रमांक या क्रमाने लिहा, जेणेकरून यादी आपोआप क्रमाने लागेल. 'फायनल', 'लेटेस्ट', 'न्यू' हे शब्द नावात वापरू नका. वर्षभराने एकाच फोल्डरमध्ये दोन 'लेटेस्ट' सापडतात. सर्व्हरवर तीन फोल्डर पुरेसे आहेत : चालू, येऊ घातलेली आणि रद्द. रद्द फोल्डर फक्त तुम्हाला दिसावा. तो लागतो, कारण जुन्या मालाबद्दल तक्रार आली, तर त्या वेळच्या आवृत्तीशीच पडताळावे लागते.

नोंदवहीत प्रत्येक मानकापुढे क्रमांक, वर्ष, शेवटची दुरुस्ती, कोठून व कोणत्या तारखेला मिळाले, परवान्याचा प्रकार, कोणत्या विभागांना लागते आणि शेवटची पडताळणी कधी झाली, एवढे रकाने ठेवा. आयएसओ ९००१ : २०१५ च्या कलम ७.५.३ मध्ये बाहेरून आलेली आवश्यक कागदपत्रे ओळखून नियंत्रणात ठेवण्याची अपेक्षा आहे. ऑडिटर हीच नोंदवही आधी मागतो.

७. फाइल नव्हे, दुवा पाठवा

ई-मेलला जोडलेली फाइल पाठवली त्या क्षणी तुमच्या हातातून गेली. ती खरेदी विभागाच्या डेस्कटॉपवर उतरते, तिथून पेनड्राइव्हवर जाते, आणि दुरुस्ती निघाली तरी त्या प्रतीला ते कळत नाही. म्हणून सर्व्हरवरील जागेचा दुवा पाठवा. शॉप फ्लोअरवर टॅबलेट असेल, तर तपासणी टेबलाजवळ क्यूआर कोड लावा. तो कोड फाइलचा नव्हे, तर चालू फोल्डरमधल्या त्या जागेचा असावा, म्हणजे आवृत्ती बदलली तरी चिकटवलेला कागद बदलावा लागत नाही. हे सर्व परवान्यात बसत असेल तरच करायचे, हे पाचव्या पायरीतच आले आहे.

दुव्यासोबत दोन-तीन वाक्यांचे टिपण अवश्य लिहा : काय बदलले, कोणाच्या कामावर परिणाम होतो, केव्हापासून लागू. नवी आवृत्ती आली एवढेच कळवले, तर साठ पानांची फाइल कोणी उघडत नाही. 'इनकमिंग इन्स्पेक्शनसाठी : बीआर प्रकारात आघात चाचणी मागणी असल्यास खोलीच्या तापमानाला, बी शून्य प्रकारात शून्य अंशाला, सी प्रकारात उणे २० अंशाला, खरेदी ऑर्डरवर प्रकाराचे पूर्ण नाव लिहिलेच पाहिजे,' असे लिहिले की संबंधित माणूस नेमके ते कलम उघडून पाहतो. वाचल्याची पोच ई-मेलनेच घ्या आणि तिची तारीख नोंदवहीत चढवा.

वाहन उद्योगाला पुरवठा करणाऱ्यांनी आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता व्यवस्थापन मानकातील एक मुदत विसरू नये : ग्राहकाच्या अभियांत्रिकी मानकांत किंवा तपशिलांत बदल झाल्याचे कळल्यापासून १० कामकाजी दिवसांत त्याचा आढावा पूर्ण व्हावा. ही मुदत मोजायला बदल केव्हा कळला याची तारीख लागते, म्हणून ग्राहकाच्या पोर्टलवरून आलेला ई-मेल पुसू नका.

छापील प्रत काही टेबलांवर लागतेच. अशा प्रतीवर 'नियंत्रित प्रत' हा शिक्का, प्रत क्रमांक आणि छापल्याची तारीख असावी, आणि ती कोणाकडे आहे हे नोंदवहीत असावे. आकृतीवरून माप काढायचे असेल, तर छापताना पानाला बसवण्याचा पर्याय बंद करा, नाहीतर आकृती लहान होते.

८. जुनी प्रत मागे घेणे

नवी प्रत वाटणे सोपे असते. जुनी गोळा करणे कठीण, आणि गोंधळ होतो तो बहुधा तिथेच. आयएस २०६२ चेच उदाहरण पुरे आहे. २००६ च्या आवृत्तीत ई २५० सोबत कंसात 'एफई ४१० डब्ल्यू' हे जुने नाव होते आणि उपप्रकार ए, बी, सी असे होते. २०११ च्या सातव्या सुधारित आवृत्तीत ए, बीआर, बी शून्य आणि सी असे उपप्रकार आले. ड्रॉइंगवर जुने नाव, खरेदीच्या संगणकात २००६ ची फाइल आणि पोलाद गिरणीच्या टीसीवर 'ई २५० बीआर' असे तीन कागद एका टेबलावर आले की ट्रक गेटवर उभा राहतो आणि तिघेही आपापल्या प्रतीनुसार बरोबर असतात.

त्यामुळे नव्या आवृत्तीची सूचना पाठवताना त्याच ई-मेलमध्ये जुनी प्रत पुसल्याचे किंवा परत केल्याचे उत्तर मागा. छापील प्रती प्रत्यक्ष जाऊन गोळा करा. संगणकांवर मानकाच्या क्रमांकाने शोध घ्या. डाउनलोड फोल्डर आणि ई-मेलचे जोड या दोन ठिकाणी हमखास सापडतात. ज्या ड्रॉइंगवर जुने नाव आहे, त्यांची यादी डिझाइन विभागाला द्या आणि ग्राहकाकडून समतुल्य प्रकाराची लेखी मान्यता घ्यायला सांगा. ती मान्यता तुम्ही स्वतः गृहीत धरू नये.

मात्र घाईही करू नका. सुधारित मानक आले की जुने त्याच दिवशी रद्द होते असे नाही. राजपत्रातील अधिसूचनेच्या तक्त्यात नव्या मानकाच्या स्थापनेची तारीख आणि जुन्याच्या माघारीची तारीख अशी दोन वेगवेगळी रकाने असतात, आणि दोन्हींमध्ये काही महिन्यांचे अंतर असू शकते. त्या काळात दोन्ही आवृत्त्या चालू असतात. तुमच्याकडे आयएसआय परवाना असेल, तर नव्या आवृत्तीकडे वळण्याची तयारी त्याच काळात करायची असते. म्हणून तोवर नवी फाइल 'येऊ घातलेली' फोल्डरमध्ये ठेवा आणि माघारीची तारीख कॅलेंडरमध्ये लावा.

९. लक्ष ठेवण्याची दिनचर्या

महिन्यातून एक ठरलेला दिवस घ्या. यादीतील प्रत्येक क्रमांक ब्यूरोच्या 'नो युवर स्टँडर्ड' या शोधात टाकून आवृत्ती आणि दुरुस्त्यांचा आकडा नोंदवहीशी पडताळा. यादी लहान असेल तर ब्यूरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवरही हे काम होते. काही बदल नसला तरी पडताळणीची तारीख लिहा. शंका राहिली, तर मुंबई, पुणे किंवा नागपूरच्या शाखा कार्यालयाला लेखी विचारा. तोंडी उत्तर ऑडिटमध्ये दाखवता येत नाही.

याच दिवशी मसुदेही पाहा. सुधारित मानक अंतिम होण्यापूर्वी त्याचा मसुदा अभिप्रायांसाठी ब्यूरोच्या संकेतस्थळावर खुला होतो, आणि त्यावर कोणालाही मत कळवता येते. लहान कारखाने हे क्वचितच करतात, आणि मग मर्यादा आपल्या यंत्रांना झेपणारी नाही हे मानक छापून आल्यावर कळते. मसुद्याची प्रत मात्र चालू फोल्डरमध्ये कधीही ठेवू नका. ती वेगळ्या जागी, प्रत्येक पानावर 'मसुदा, वापरासाठी नाही' असा ठळक शिक्का मारून, फक्त अभिप्राय लिहिणाऱ्यांना द्या आणि अभिप्रायाची मुदत संपल्यावर त्यांच्याकडून परत घ्या.